‘आरटी फीड चालू’ म्हणजे नेमकं किती? कोल्हापुरातल्या रुग्णालयांच्या व्यवस्थापनांना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील सरकारी, धर्मादाय आणि खासगी रुग्णालयांचे वैद्यकीय अधीक्षक, व्यवस्थापक व विश्वस्त,
तसेच वैद्यकीय, नर्सिंग आणि फार्मसी महाविद्यालयांचे प्रमुख यांस,

विषय : रुग्णपोषण पथकांचं प्रशिक्षण हॉलमधून वॉर्डात आणण्याबाबत

सन्माननीय महोदय / महोदया,

आम्ही काही आहारतज्ज्ञ, अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या सिस्टर-ब्रदर, हॉस्पिटल फार्मासिस्ट आणि भूलतज्ज्ञ मिळून हे पत्र लिहीत आहोत. मागणी एका वाक्यात मावते : पोषणाचं प्रशिक्षण खाटेपाशी द्या, डॉक्टर-सिस्टर-आहारतज्ज्ञ-फार्मासिस्ट या चौघांना एकत्र द्या, ड्यूटीच्या तासांत द्या आणि दर सहा महिन्यांनी प्रत्येकाचा हात पुन्हा तपासा. असं का म्हणतो, ते पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आज या विषयाचं प्रशिक्षण म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊक आहे. वर्षातून एखाद्या रविवारी हॉटेलचा हॉल, ऐंशी स्लाइड्स, सगळ्या इंग्रजीत, मग जेवण, मग सर्टिफिकेट. खर्च रुग्णांसाठीची पोषण-पावडर विकणाऱ्या कंपनीचा. डॉक्टरांच्या खात्यावर क्रेडिट पॉइंट जमा होतात. पण रात्री दोन वाजता जिच्या हातात सिरिंज असते ती सिस्टर त्या हॉलमध्ये नसते, कारण ती आदल्या रात्रीची ड्यूटी करून घरी झोपलेली असते. शिवाय पावडर केव्हा द्यायची हे कंपनीचा वक्ता उत्तम सांगेल; केव्हा द्यायची नाही, हे त्याने सांगावं अशी अपेक्षा धरणं त्याच्यावरही अन्याय आहे.

आता एक केस पेपर उघडू. रुग्ण काल्पनिक आहे, पण ऑर्डर नेहमीची : ‘आरटी फीड १०० मिली, २ तासांनी.’ (आरटी म्हणजे राइल्स ट्यूब, नाकातून पोटात घातलेली नळी; फीड म्हणजे तिच्यातून दिलेलं पातळ अन्न.)

वजन ६० किलो. आजाराचा पहिला भर ओसरल्यावर दिवसाला किलोमागे २५ किलोकॅलरी धरल्या तर १५०० किलोकॅलरी हव्यात, आणि किलोमागे १.३ ग्रॅमने ७८ ग्रॅम प्रथिनं. फीड साधं, मिलिलिटरला १ किलोकॅलरी आणि १०० मिलीला ४ ग्रॅम प्रथिनं देणारं. २४ तासांत १२ वेळा १०० मिली म्हणजे १२०० मिली. म्हणजे ऑर्डर शब्दशः पाळली तरी १२०० किलोकॅलरी आणि ४८ ग्रॅम प्रथिनं. तूट कागदावरच पडली, आणि ती कुणी मोजली नाही.

पुढे बघा. रात्री १० ते पहाटे ४ पर्यंतची चार फीड ‘पेशंट झोपलाय’ म्हणून राहतात. उरली आठ. दुपारी सीटी स्कॅनला न्यायचं म्हणून १२ चं फीड गेलं. संध्याकाळी एकदा उलटीसारखं झालं म्हणून ६ चं थांबवलं. उरली सहा : ६०० किलोकॅलरी, २४ ग्रॅम प्रथिनं. आणि पावडर जर ‘दोन चमचे’ या मापाने कालवली असेल तर तेही नाही. बहुतेक पावडरी ग्रॅममागे ४ ते साडेचार किलोकॅलरी देतात. १०० मिलीत १०० किलोकॅलरी हव्या तर २३-२४ ग्रॅम पावडर पडायला हवी. घरगुती चमच्याने दोन चमचे टाकले आणि ते १२ ग्रॅम भरले, तर रुग्णाला दिवसभरात मिळाल्या ३०० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. कॅलरी गरजेच्या एक पंचमांश, प्रथिनं त्याहूनही कमी. चार्टवर मात्र सुवाच्य अक्षरात ‘आरटी फीड चालू’. यात कुणी कामचुकारपणा केलेला नाही. डॉक्टरांनी ऑर्डर लिहिली, आहारतज्ज्ञांनी पावडर सुचवली, मावशींनी कालवली, सिस्टरनी दिली. बेरीज कुणाच्याच गळ्यात नव्हती, एवढंच.

म्हणून चौघांना वेगवेगळं शिकवून भागत नाही. आम्ही सुचवतो तो पहिला धडा याच बेरजेचा आहे आणि त्याला प्रोजेक्टर लागत नाही. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला वॉर्डातल्या एका रुग्णाचा कालचा चार्ट घ्यायचा. चार रकाने पाडायचे : किती हवं होतं, किती लिहिलं, किती दिलं, आणि राहिलं ते कशामुळे. दहा मिनिटं पुरतात. ‘दिलं भागिले हवं’ हा आकडा टक्क्यांत फळ्यावर लिहायचा. चार आठवड्यांत कारणांची यादी आपोआप तयार होते आणि तीच पुढच्या सत्रांचा अभ्यासक्रम ठरवते. त्यासोबत ऑर्डरही बदलावी. ‘दर २ तासांनी १०० मिली’ऐवजी ‘२४ तासांत एकूण १५०० मिली’ असं लिहिलं, आणि सीटी स्कॅनमध्ये गेलेलं फीड पुढच्या तासांत भरून काढायची मुभा सिस्टरला दिली (एका वेळी कमाल किती, हे आधीच ठरवून), तर तूट निम्म्या कारणांपुरती तरी पडत नाही. एक सावधगिरी मात्र पहिल्याच दिवशी शिकवावी लागते : अतिदक्षतेतल्या पहिल्या तीनेक दिवसांत पूर्ण मात्रेचा हट्ट धरायचा नसतो. युरोपातल्या एस्पेन या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना या काळात गरजेच्या ७० टक्क्यांच्या आतच राहा असं सांगतात. कमी देणं हा तिथे निर्णय असतो; आपल्याकडे तो बहुधा अपघात असतो.

बेरीज चुकली तर माणूस खंगतो. नळी चुकली तर जातो. म्हणून नळीचा धडा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

राइल्स ट्यूब घातली, सिरिंजने हवा मारली, पोटावर स्टेथो ठेवला, ‘फुस्स’ ऐकू आलं, फीड सुरू. ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली आणि अजून शिकवली जाते. ती भरवशाची नाही. नळीचं टोक डाव्या फुप्फुसाच्या तळाशी किंवा अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला असलं तरी आवाज पोटावर तस्साच ऐकू येतो. ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने २००५ साली ही पद्धत बंद करा असं बजावलं आणि २०११ साली पुन्हा बजावलं. करायचं ते असं : आधी नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत नळी धरून माप घ्यायचं. घातल्यावर नळीतून थोडा द्राव ओढून पीएच पट्टीवर (आम्लता मोजणाऱ्या) टाकायचा. ५.५ किंवा त्याहून कमी आला तर टोक जठरात आहे असं धरता येतं. द्राव आलाच नाही तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून, तोंडाची निगा राखून, थोड्या वेळाने पुन्हा ओढायचा. पीएच जास्त आला (आपल्याकडे जवळजवळ प्रत्येकाला जठरातलं आम्ल कमी करणारं पॅन्टोप्राझोल चालू असतं, त्यामुळे तो येणारच) तर एक्स-रे. मग नाकपुडीपाशी नळीवरचा सेंटिमीटरचा आकडा चार्टवर लिहायचा आणि प्रत्येक हॅण्डओव्हरला तो पुन्हा वाचायचा. काल ५५ होता आणि आज ४८ आहे, तर चिकटपट्टी कितीही घट्ट असली तरी नळी सरकली आहे, फीड थांबवायचं.

एक्स-रे रात्री बघतो तो बहुधा निवासी डॉक्टर, तोही झोपेतून उठून. त्याला चार प्रश्न पाठ असायला हवेत. नळी अन्ननलिकेच्या वाटेने सरळ उतरते का? श्वासनलिका जिथे दुभागते (कॅरिना) तिथे ती मधोमध खाली जाते का, की एखाद्या फाट्यात वळते? पोट-छातीमधला पडदा ती मध्यरेषेवर ओलांडते का? टोक डाव्या पडद्याखाली स्पष्ट दिसतं का? चारही उत्तरं ‘हो’ आली तरच सही, वेळ आणि तारखेसह. यासाठी दहा जुने एक्स-रे जमवा, त्यांत तीन चुकीचे मिसळा, रुग्णाचं नाव झाका आणि प्रत्येकाकडून वाचून घ्या. तिन्ही चुकीचे ओळखले नाहीत तर पुढच्या आठवड्यात पुन्हा. यापेक्षा चांगली परीक्षा आम्हाला सुचलेली नाही.

नळीबद्दलच्या उरलेल्या गोष्टी भरभर. साधी पीव्हीसीची नळी आठवड्या-दहा दिवसांत कडक होते. नळी बरेच दिवस लागणार असेल तर पॉलियुरेथेनची बारीक नळी हवी. फ्रेंच हा आकडा म्हणजे बाहेरचा व्यास, १ फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर. १२ ची नळी बाहेरून ४ मिलिमीटर, आतून त्याहूनही कमी. सलग फीड चालू असेल तर दर ४ तासांनी, आणि बोलस (ठरावीक मात्रा एका वेळी) असेल तर प्रत्येक फीडच्या आधी व नंतर, ३० मिली पाणी. उशाकडचा भाग ३० ते ४५ अंश. हे ‘३० अंश’ प्रकरण फसवं आहे : नजरेने ३० वाटणारी खाट मोजली तर बरेचदा १५-२० भरते. पुठ्ठ्याचा कोनमापक कापून त्याला दोरा आणि नट बांधा, खाटेच्या कडेला लटकवा. खर्च शून्य. मावशी-मामांना हे आवर्जून दाखवा, कारण चादर बदलताना खाट सपाट तेच करतात, आणि त्याआधी फीड थांबवायला हवं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आता स्वयंपाकघर. कोल्हापुरात रुग्णाला नळी लागली की घरून डबा येणारच. पेज, मुगाचं कढण, नाचणीची आंबील, आणि खाणारं घर असेल तर मटणाचा अळणी रस्सा, कारण ‘अंगात ताकद यायला पाहिजे’. या डब्यामागची माया आम्हाला कळते. पण २० ग्रॅम तांदळाच्या २०० मिली पातळ पेजेत जेमतेम ७० किलोकॅलरी आणि दीड ग्रॅम प्रथिनं असतात. तेवढ्याच उकळलेल्या म्हशीच्या दुधात २०० हून जास्त किलोकॅलरी आणि सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. अळणी रस्सा गाळून दिला की मटणातली प्रथिनं गाळणीत राहतात. नळीतून जातं ते मुख्यतः चवीचं पाणी. (आणि गंगावेशीतलं धारोष्ण दूध तालमीतल्या पैलवानाला मानवत असेल; नळीवरच्या रुग्णाला न उकळलेलं दूध देऊ नये.) नातेवाइकांना ‘हे चालणार नाही’ म्हणून डबा परत पाठवणं हे प्रशिक्षण नव्हे. त्यांच्याच पेजेचं काय करता येतं हे आहारतज्ज्ञांना आणि स्वयंपाकघराला यायला हवं.

एक उदाहरण. पेज घट्ट केली तर नळीतून उतरत नाही, पातळ केली तर पोटात पाणीच जातं. इथे राधानगरी-भुदरगडकडची नाचणी कामाला येते. नाचणीला मोड आणायचे, वाळवायचे, हलकीच गरम करून दळायची. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचं पाचक द्रव्य तयार होतं. घट्ट पेज चुलीवरून उतरवून, उकळी मोडल्यावर, गरम असतानाच त्यात हे पीठ लहान चमचाभर घालून ढवळलं की काही मिनिटांत पेज सैल होते. पिष्टाच्या लांब साखळ्या तुटतात, कॅलरी तेवढ्याच राहतात. मग पुन्हा एक उकळी, कारण मोडांसोबत जंतूही येतात. फसतं कुठे? पीठ खरपूस भाजलं तर अमायलेज मरतं. उकळत्या पेजेत टाकलं तरी मरतं. थंड पेजेत टाकलं तर काम फार हळू होतं. हे सगळं पंधरा मिनिटांत, दोन पातेल्यांत, शेजारी शेजारी करून दाखवता येतं. मग दोन्ही पेजा दांडा काढलेल्या ५० मिलीच्या सिरिंजमधून १४ फ्रेंचच्या नळीत सोडायच्या आणि घड्याळ लावायचं. स्वयंपाकघरातल्या माणसाच्या हे कायमचं लक्षात राहतं.

बाकी नियम भिंतीवर लावण्यासारखे : मिक्सरमधलं घरगुती फीड बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, कालवलेली पावडर लटकवायची ती ४ तास, फ्रिजमध्ये २४ तास, पाणी उकळून गार केलेलं, फीडचा सेट दर २४ तासांनी नवा. आणि मिक्सरचं भांडं नुसतं विसळून चालत नाही. पात्याखालचा रबरी वायसर काढून बघा. रुग्णाला जुलाब लागले की पहिला दोष फीडला दिला जातो आणि फीड बंद होतं. दोषी बहुधा तो वायसर, अँटिबायोटिक किंवा सॉर्बिटॉल असलेलं एखादं सिरप असतं.

यानंतरचा विषय असा आहे की तो न शिकवल्याची किंमत थेट मृत्यूत मोजावी लागू शकते, आणि तरी तो बहुतेक कार्यक्रमांत शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो. रीफीडिंग. तोंडाच्या किंवा अन्ननलिकेच्या कर्करोगाने दोन-तीन आठवडे धड न जेवलेला, दारूमुळे खंगलेला, किंवा शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस सलाइनवरच राहिलेला रुग्ण. त्याला एकदम भरपूर अन्न मिळालं की इन्शुलिन वाढतं, आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. थायमिनचा (ब१ जीवनसत्त्वाचा) उरलासुरला साठा संपतो. दोन-चार दिवसांत श्वासाचे स्नायू थकतात, हृदयाची लय बिघडते, व्हेंटिलेटर सुटता सुटत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, आजारच बळावला.

ब्रिटनच्या नाइस संस्थेने २००६ साली दिलेल्या कसोट्या सोप्या आहेत : बीएमआय १६ च्या खाली, ३ ते ६ महिन्यांत वजन १५ टक्क्यांहून जास्त घटलेलं, १० दिवसांहून जास्त जवळजवळ काहीच न खाल्लेलं, किंवा अन्न सुरू करण्याआधीच पोटॅशियम, फॉस्फेट वा मॅग्नेशियम कमी. यांतलं एक जरी असलं तरी धोका मोठा. सुरुवात किलोमागे १० किलोकॅलरींनी. अमेरिकेतल्या ॲस्पेन या संघटनेच्या २०२० च्या सूचना पहिल्या दिवशी १० ते २०, आणि फीड किंवा डेक्स्ट्रोज (सलाइनमधली साखर) सुरू करण्याआधी १०० मिलिग्रॅम थायमिन असं म्हणतात. मग दर एक-दोन दिवसांनी एकूण लक्ष्याच्या एक तृतीयांशाने वाढ, आणि धोका मोठा असेल तर पहिले ३ दिवस दर १२ तासांनी रक्ततपासणी. आता आपल्या वॉर्डातली गोम. ४० किलोच्या रुग्णाला पहिल्या दिवशी ४०० किलोकॅलरी द्यायच्या असं आहारतज्ज्ञ ठरवतात. पण त्याला ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या २ लिटर बाटल्या आधीच चालू असतात. त्यात १०० ग्रॅम डेक्स्ट्रोज, म्हणजे ३४० किलोकॅलरी. त्या कुणाच्याच हिशेबात नसतात, कारण सलाइन डॉक्टरांचं आणि फीड आहारतज्ज्ञांचं. आणि लॅबला जाणाऱ्या ‘इलेक्ट्रोलाइट्स’मध्ये सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड असतात, फॉस्फरस आणि मॅग्नेशियम वेगळं लिहिल्याशिवाय होत नाहीत. ते फॉर्मवर छापून घ्या. हा बदल प्रशिक्षणाचाच भाग समजा. नुसतं शिकवून फॉर्म तोच ठेवला तर शिकवलेलं आठ दिवसांत विरतं.

औषधांचा धडा फार्मासिस्टनी घ्यावा आणि तो हातानेच व्हावा. नवी १२ फ्रेंचची नळी घ्या. पॅन्टोप्राझोलची आवरणवाली गोळी, हळूहळू विरघळणारी एखादी एसआर गोळी आणि सुक्राल्फेट, सगळं एकत्र कुटून, फीडमध्ये कालवून सोडा. नळी तुंबते. मग प्रत्येकाने ती कोमट पाण्याने, सिरिंज हलकेच पुढे-मागे करत मोकळी करायचा प्रयत्न करायचा. कोला ओतायचा सल्ला कुणी तरी देईलच. आंबट पेयाने प्रथिनं फाटून गुठळी उलट घट्ट होऊ शकते, हेही तिथेच दाखवता येतं. त्यानंतर ‘प्रत्येक औषध वेगळं, मध्ये १५ ते ३० मिली पाणी’ हे वेगळं सांगावं लागत नाही. फिट्सवरच्या फेनिटॉइनला मात्र वेगळं वाक्य हवं : फीडसोबत दिलं तर त्याचं शोषण घटतं, म्हणून आधी आणि नंतर एक-दोन तास फीड थांबवायचं आणि रक्तातली पातळी बघायची. एसआर गोळी कुटली तर तुंबण्यापेक्षा मोठं नुकसान होतं, दिवसभराचा डोस एकदम सुटतो.

शिरेतून पोषण, म्हणजे टीपीएन, सगळ्याच रुग्णालयांत होत नाही. जिथे होतं तिथेच हे सत्र घ्या. फार्मसीत मुदत संपलेल्या तीन कप्प्यांच्या पिशव्या असतातच, त्या सरावाला वापरा. कप्प्यांमधली जोडपट्टी पूर्ण न उघडता पिशवी लटकवली की रुग्णाला एकाच कप्प्यातलं द्रव्य जातं, आणि पिशवी तर रिकामी होताना दिसते. बाहेरच्या शिरेची पिशवी आणि मध्यवर्ती शिरेची पिशवी दिसायला सारखी असतात. लिटरला ९०० मिलिऑस्मोलच्या (द्रावाच्या तीव्रतेचं माप) वरची बाहेरच्या शिरेत लावायची नाही. जीवनसत्त्वं आणि सूक्ष्म खनिजं या पिशव्यांत नसतात, ती घालावी लागतात. १९९७ मध्ये अमेरिकेत जीवनसत्त्वांच्या इंजेक्शनचा तुटवडा पडला तेव्हा टीपीएनवरच्या रुग्णांना थायमिनअभावी लॅक्टिक ॲसिडोसिस (रक्तात लॅक्टिक आम्ल साचणं) झाल्याच्या नोंदी आहेत. कॅल्शियम आणि फॉस्फेट मनाने मिसळण्याबद्दलही बोला : १९९४ साली तिथल्या औषध प्रशासनाने दोन मृत्यूंनंतर धोक्याची सूचना काढली होती, कारण कॅल्शियम-फॉस्फेटची भुकटी पिशवीतच साकळली होती आणि स्निग्धांशाच्या पांढऱ्या रंगात ती दिसत नाही. १.२ मायक्रॉनची गाळणी त्यासाठी असते.

दोन सवयी मोडायच्या आहेत, त्यांना फार वेळ लागत नाही. वरिष्ठांनी तोंड उघडलं की पुरतं. एक : रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी आलं म्हणजे पोषण कमी, म्हणून प्रोटीन पावडर वाढवा, किंवा त्याहून महाग म्हणजे अल्ब्युमिनची बाटली लावा. जंतुसंसर्गात आणि सुजेत अल्ब्युमिन खाली येतंच; ते दाह दाखवतं, जेवण नव्हे. दोन : ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी रात्री बारापासून एनबीएम, म्हणजे तोंडाने काहीही नाही. पोट नीट रिकामं होणाऱ्या रुग्णाला हलकं खाणं ६ तास आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. यादीत पाचवा नंबर असलेल्या आजोबांना दुपारी तीनपर्यंत घोटभर पाण्यावाचून ठेवायचं कारण नाही.

आणि हे सगळं ज्यावर उभं आहे ते वजन. ‘पेशंट उठू शकत नाही’ या वाक्यापाशी वजनाचा रकाना रिकामा राहतो. दंडाचा घेर मोजायला टेप पुरते, २३.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर बीएमआय बहुधा २० च्या खाली. दाखल झाल्यापासून २४ तासांत एनआरएस-२००२ सारखी कुपोषणाच्या धोक्याची छाननी, गुण ३ किंवा जास्त आले की आहारतज्ज्ञांना निरोप. हे काम वॉर्डातल्या सिस्टरला पाच मिनिटांत करता येतं. फक्त निरोप गेल्यावर कुणी तरी आलं पाहिजे.

आता हे घडवायचं कसं. बारा आठवडे, आठवड्याला एक विषय, पाऊण तास. तोच विषय त्या आठवड्यात तीनदा : दुपारी दोनच्या हॅण्डओव्हरआधी, संध्याकाळी, आणि रात्रपाळी रुजू झाल्यावर सव्वाआठला. भाषा मराठी, ‘कॅरिना’, ‘बोलस’ हे शब्द तसेच राहू द्या, त्यांचं भाषांतर नको. सत्रात बसलेल्या सिस्टरच्या खाटा सांभाळायला रिलीव्हर द्या आणि ते तास ड्यूटीत धरा. सुट्टीच्या दिवशी बोलावलेला माणूस घड्याळाकडे बघत शिकतो. प्रत्येकाचं एक कौशल्यकार्ड असावं : नळीचं माप, पीएच, एक्स-रेचे चार प्रश्न, पावडर वजन करून कालवणं, औषध देणं, कॅलरींची बेरीज. कार्डावर सही दुसऱ्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरची. आपल्याच वॉर्डात सगळे पास होतात. नवीन रुजू होणाऱ्याचं कार्ड पहिल्या आठवड्यात, बाकीच्यांचं सहा महिन्यांनी पुन्हा. नळीसह घरी जाणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकांसाठी याच कार्डाचं छोटं रूप करा, आणि निपाणी-चिकोडीकडून येणाऱ्यांसाठी कानडीतही. ‘समजलं का?’ विचारू नका, ‘करून दाखवा’ म्हणा. गगनबावड्याच्या पलीकडे कोकणात उतरून गेलेल्या माणसाला नळी तुंबल्यावर परत यायला अख्खा दिवस जातो.

डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. वॉर्डातल्या सत्रांना महाराष्ट्र वैद्यक परिषदेची मान्यता मिळवण्याचा अर्ज आपल्या कार्यालयाने करावा. परिचारिका आणि फार्मासिस्ट यांच्या परिषदांकडेही तसंच. आहारतज्ज्ञांचा पेशा २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत आला आहे, तेव्हा ‘डाएट किचन सांभाळणाऱ्या मॅडम’ ही ओळख आता पुसायला हरकत नाही. दर वर्षी एकाला एस्पेनच्या एलएलएल (लाइफ लाँग लर्निंग) अभ्यासक्रमाला किंवा देशातल्या एखाद्या मान्यताप्राप्त प्रशिक्षणाला रुग्णालयाच्या खर्चाने पाठवा, पण परतल्यावर चार सत्रं घ्यायची या लेखी अटीवर. कंपन्यांचे पैसे घ्यायचेच असतील तर ते उपकरणांना घ्या. वक्ता आणि विषय आपण ठरवा.

लागणारं सामान फार नाही : पीएच पट्ट्या, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकाचा काटा, मोजपात्रं, खुर्चीचा किंवा उचलण्याचा वजनकाटा, टेप, सरावाच्या नळ्या. यांत महाग फक्त वजनकाटा.

सुरुवातीला एकाच रुग्णालयाने एकच आयसीयू द्यावं, बारा आठवड्यांसाठी. सत्रं घ्यायला आमच्यातले चौघे तयार आहेत, मानधन नको. पहिल्या आठवड्यात आणि तेराव्या आठवड्यात ‘दिलं भागिले हवं’ हा आकडा आपल्याच माणसांनी काढावा, आम्ही नाही. फरक पडला नाही तर तसं सर्वांना कळवण्याची जबाबदारी आमची.

आपले,
कोल्हापुरातले काही आहारतज्ज्ञ, परिचारिका व परिचारक, हॉस्पिटल फार्मासिस्ट आणि भूलतज्ज्ञ

ता. क. इंडेंटवर (मागणीपत्रावर) नुसतं ‘पीएच स्ट्रिप’ लिहिलं तर स्टोअरमधून लघवी तपासणीच्या पट्ट्या येतात. त्यांचं मोजमाप बहुधा ५ पासून सुरू होतं, त्यामुळे जठरातला द्राव त्यांवर धड वाचता येत नाही. लिटमस कागद तर फक्त आम्ल की अल्क एवढंच सांगतो. ‘जठरद्रावासाठी, २ ते ७ दरम्यान अर्ध्या अर्ध्या टप्प्यांनी वाचता येणारी’ असं पूर्ण लिहावं.